लांडग्यांच्या टोळीत खेळताना: आता नियम लिहायचे का?

कुसळ

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण सगळ्यांचं मत हवंय.

नव्यांसाठी आधी थोडक्यात. आम्ही वीस-बावीस जण मिळून लांडग्यांच्या एका टोळीची गोष्ट लिहितो. प्रत्येकाचा एक लांडगा. त्याने काय हुंगलं, कुठे गेला, कोणावर गुरगुरला, ते ज्याचं त्याने लिहायचं. मग पुढचा लिहितो. फासे नाहीत, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. माळ काल्पनिक आहे, वर्धा नदीच्या पलीकडचा, पण ऋतू आपलेच. नागपुरात पारा पंचेचाळिसावर गेला की आमचे लांडगेही दुपारभर बाभळीखाली पडून असतात. चार वर्षं असंच चाललंय आणि आजवर एकही नियम लिहावा लागला नाही. सगळे ओळखीचे होते, म्हणून असेल.

मागच्या शुक्रवारी रात्री चिंचबनची भुरकी मारली गेली. भुरकी म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं पिल्लू. पाच महिने चिंचबनने तिला वाढवलं. डोळे उघडले तो दिवस, बिळाबाहेरचा पहिला दिवस, आईच्या तोंडाशी तोंड लावून ओकलेलं मांस मागणं, सगळं. बर्डीचा_भोंगाने एक भटका नर आणला आणि चार ओळींच्या पोस्टमध्ये भुरकीला मानेला धरून संपवलं. चिंचबनला विचारलं नव्हतं. तिने फक्त ‘ठीक आहे’ लिहिलं आणि ग्रुप सोडला.

भोंगाचा हेतू वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. पण मला दोन दिवस झोप लागली नाही. माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: दुसऱ्याचा लांडगा दुसऱ्याचा. त्याचं काय होतं ते तोच लिहील. तुम्हाला काय वाटतं? आणि भुरकीचं आता काय करायचं?

तर्री_पोहे

लांडगा आला रे आला म्हनून खरंच धागा काढला का ताई? 😄

मजाक बाजूले. तुमचं बरोबर हाय. मले तं वाचूनच कसंतरी झालं. भुरकीले मी पहिला ससा मारून आणून देल्ला होता.

निळा_पतंग

कुसळशी सहमत. मी दुसऱ्या दोन इंग्रजी गटांत खेळले आहे. तिथे याला गॉडमोडिंग म्हणतात आणि प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगतात. खरं तर हे नियमापेक्षा लिहायच्या पद्धतीत आहे. आपण फक्त प्रयत्न लिहायचा, परिणाम समोरच्याने लिहायचा.

असं नको: ‘करड्याने झेप घेतली. दात मानेत रुतले. तिखी कोसळली.’

असं हवं: ‘करड्याने मान खाली घातली आणि तिखीच्या डाव्या खांद्याच्या रोखाने झेप घेतली.’ आणि इथे थांबायचं. खांदा सापडला, निसटला, की तिखीनेच उलट त्याचा कान फाडला, ते तिखीचा खेळाडू सांगेल. झेप हवेत असताना पोस्ट संपते तेव्हाच खरी मजा येते. दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात राहतं.

याची दुसरी बाजूही लिहून ठेवा. प्रत्येक वेळी निसटायचं नाही. माझ्या एका जुन्या गटात एकाचा लांडगा दीड वर्षात एकदाही जखमी झाला नाही. शेवटी त्याच्याशी कोणी भांडेना.

बर्डीचा_भोंगा

तो मीच. लपून बसणार नाही.

गोष्ट तीन आठवडे एका जागी अडकली होती. सगळे पाणवठ्यावर पाणी पीत होते आणि एकमेकांना चाटत होते. मला वाटलं, रान आहे, काहीतरी घडलं पाहिजे. परक्या टोळीतले लांडगे पिल्लं मारतात हे खरं आहे, मी ते मनाने रचलेलं नाही. सगळं विचारून विचारूनच करायचं तर धक्का कुठून येणार? वाचताना आपल्याला धक्का हवा असतो की नाही?

चिंचबनला मी खाजगीत माफी मागितली आहे. उत्तर आलेलं नाही.

सेमिनरी_टेकडी

भोंगा, धक्का वाचणाऱ्याला द्यायचा. शेजारी बसून लिहिणाऱ्याला नाही. तिला आधी कानात सांगितलं असतंस तर आम्हा बाकी वीस जणांना धक्का बसलाच असता.

तर्री_पोहे

टेकडी बरोबर बोलून राह्यले.

ढाण्या७७

मी नवीन आहे, दोनच महिने झाले. एक शंका. करडा आपला अल्फा, म्हणजे टोळीचा म्होरक्या, आहे ना? मग त्याने हुकूम दिला की बाकीच्यांनी ऐकायलाच हवं, असा नियम आहे का? आणि अल्फाला आव्हान देऊन जागा घ्यायची असेल तर झुंज कशी ठरवायची? मला माझा लांडगा अल्फा करायचाय.

माळढोक

ढाण्या, तुझ्या प्रश्नात सगळ्या लांडगा-रोलप्लेचं दुखणं आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

अल्फाची कल्पना आली पिंजऱ्यातून. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली निबंध लिहिला. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका आवारात कोंडले की ते जागेसाठी भांडणारच. ते भांडण म्हणजेच टोळीचा स्वभाव, असं जगाने धरून चाललं. अमेरिकेतले डेव्हिड मेक यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात ती कल्पना घेतली आणि ती घरोघरी पोचली. पुढे याच मेकनी १९८६ पासून कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांना उन्हाळ्यामागून उन्हाळे जवळून पाहिलं आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आई, बाप, या वर्षीची पिल्लं, मागच्या एक-दोन वर्षांची पोरं. आई-बाप पुढे असतात ते आई-बाप आहेत म्हणून, कोणाला हरवून नाही. आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंतीही त्यांनीच प्रकाशकाला केली. आपलं म्हणणं चुकलं हे इतक्या उघडपणे सांगणारे अभ्यासक थोडे.

म्हणजे तुझ्या लांडग्याला टोळीचा म्होरक्या व्हायचं असेल तर बापाशी झुंज घ्यायची नाही. वय झालं की टोळी सोडायची, एकट्याने माळ तुडवायचा, जोडीदारीण शोधायची, कोणाचा नाही असा इलाका शोधायचा. सहा महिने लिहिता येईल इतका ऐवज आहे त्यात. मी तर तेच लिहीन.

ढाण्या७७

अरे वा. हे मला माहीतच नव्हतं. मग मी घर सोडतो 😀 पण आईला सांगून की न सांगता?

कुसळ

तुझी आई म्हणजे धुळी, आणि धुळी लिहिते मी. सांगून जा 🙂

संत्राबाग

माळढोक, माहिती उत्तम, पण मला थोडं वेगळं वाटतं. हा खेळ आहे, प्राणिशास्त्राचा पेपर नाही. आमचे लांडगे बोलतात, त्यांना कालचं आठवतं, ते एकमेकांची नावं घेतात. इतकं सोडलं तर अल्फा सोडायला काय हरकत आहे? दिवसभर दुकानात बसून कंटाळलेल्या माणसाला रात्री अर्धा तास जरा रुबाब करावासा वाटतो.

माळढोक

करा की रुबाब. माझं भांडण रुबाबाशी नाही. आपल्याकडे ‘करडा म्होरक्या आहे म्हणून करड्याचा खेळाडूही म्होरक्या’ असं हळूहळू व्हायला लागलंय, ते मला खटकतं. शुक्रवारी तेच झालं. टोळीचं पुढे काय होणार, हे करडा लिहिणाऱ्या भोंगाने एकट्याने ठरवलं. लांडग्याचा मान माळावर. इथे सगळ्यांचं वजन सारखं.

बर्डीचा_भोंगा

हे मान्य. मी तसा विचारच केला नव्हता.

निळा_पतंग

विषय निघालाच आहे तर मेटागेमिंगही घ्या. म्हणजे मी वाचलंय म्हणून माझ्या लांडग्याला कळलं. भुरकी नाल्यापलीकडे मारली गेली, आणि दहा मिनिटांत तीन लांडगे तिथे हजर. कसे? वारा कुठल्या दिशेचा होता? कोणी हेल काढला होता का? खेळाडूने सगळं वाचायचं, लांडग्याला मात्र नाक, कान आणि डोळे जेवढं सांगतील तेवढंच कळणार.

सेमिनरी_टेकडी

त्या तिघांतला एक मी. चूक झाली. भुरकी म्हटल्यावर राहवलं नाही.

गोरेवाडा_एक्स्प्रेस

मला कोळसुंदा घेऊन टोळीत यायचंय. चालेल का? ताडोब्यात पाहिल्यापासून वेड लागलंय. शिटी मारतात हो ते एकमेकांना!

माळढोक

शिटी मारतात म्हणूनच नाही चालणार. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा, लांडग्याचा चुलतभाऊ म्हणा हवं तर, पण वेगळाच प्राणी. त्याला दाट जंगल लागतं. आपल्याकडे ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा. लांडग्याला उघडा माळ, गवत, झुडपं लागतात, जिथे मेंढरं चरतात आणि काळवीट पळतं. म्हणून तर आपण पेंच सोडून माळ घेतला. नाहीतर मोगलीची सिवनी इथून सव्वाशे किलोमीटरवर होती, सगळ्यांना तेच हवं होतं.

माळाच्या कडेला जंगल येतं तिथे भेट होऊ शकते. पाहुणा म्हणून या.

गोरेवाडा_एक्स्प्रेस

पाहुणा तर पाहुणा. शिटी मारून येतो.

तर्री_पोहे

मंग माहा एक प्रश्न. माह्या लांडग्यानं बोरं खाल्ली तं चालते का? मागच्या वर्षी सगळे हासले होते माह्यावर.

माळढोक

चालतं. गुजरातेत काळविटांच्या माळावरच्या लांडग्यांच्या विष्ठेत बोराच्या बिया सापडल्या आहेत. तू बरोबर होतास.

तर्री_पोहे

पाहा बे!! वाचा सगळ्यायनं!!

रामटेकची_पायरी

जरा अवांतर, पण कोणीतरी काढायलाच हवं होतं. तर्रीभाऊंचा लांडगा वऱ्हाडीत बोलतो आणि बाकीचे पुस्तकी मराठीत. मागे एका नव्या सदस्याने त्यांना ‘शुद्ध लिहा’ म्हणून सांगितलं होतं. ते मला फार लागलं. आमच्या आजीच्या गोष्टीत वाघ, कोल्हा, लांडगा सगळे ‘काहून बे’ असंच बोलायचे. विदर्भातल्या माळावरचा लांडगा वऱ्हाडी बोलणार नाही तर कोण बोलणार? नियमच करायचे तर हाही करा: भाषेवरून कोणाला टोकायचं नाही.

कुसळ

लिहून घेतलं. हा पहिल्या पाचांत जाईल.

दुपारची_सावली

मी खेळत नाही, माझी मुलगी खेळते. दहावीत आहे. ही चर्चा तिनेच दाखवली.

आई म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, तिचं लिहिणं या खेळाने किती सुधारलंय ते शाळेच्या निबंधात दिसतं. वारा कुठून येतोय हे लिहिल्याशिवाय तिचा निबंधच सुरू होत नाही. दोन, मध्यंतरी खेळातल्याच कोणीतरी तिला खाजगीत विचारलं, कुठल्या शाळेत आहेस, कुठे राहतेस. कदाचित सहज असेल. तिने उत्तर दिलं नाही, मला सांगितलं. पण प्रत्येक मूल सांगेलच असं नाही. तुमच्या नियमांत माणसांबद्दलही काही असू द्या. नुसते लांडगे नकोत.

कुसळ

ताई, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आणि हे माझ्या नजरेतून सुटलं, याचं मला वाईट वाटतंय.

आत्ताच लिहिते, यावर मत मागत नाही. कोणी कोणाला खरं नाव, शाळा, पत्ता, नंबर, फोटो विचारायचा नाही. अठराच्या आतल्या सदस्याशी खेळाबद्दल जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, खाजगीत नाही. लांडग्यांची जोडी जमते, पिल्लं होतात, तेवढंच सांगायचं आणि प्रसंग पुढे न्यायचा. दहावी-बारावीच्या पोरांचे लांडगे जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत ‘लांब शिकारीला गेलेले’ असतील, त्यांच्यावाचून काही महत्त्वाचं घडणार नाही. ताई, मुलीला विचारणारा कोण ते मला कळवा.

संत्राबाग

यावर माझ्याकडून दहा वेळा हो.

वाघूर

दोन दिवस वाचतोय. आता लिहितो.

मी वाशीम जिल्ह्यातला, धनगराच्या घरातला. नोकरीसाठी नागपुरात आलो. हे नाव घेतलं ते आमच्या मेंढरांच्या जाळीवरून. रात्री मेंढरं आत घेऊन भोवती वाघूर लावतात. तुम्ही सगळे लांडगा लिहिता, मी लहानपणी त्याची वाट पाहत जागलो आहे. काठी घेऊन.

एकदा थंडीत, पहाटेच्या आधी, कुत्री अचानक गप्प झाली. भुंकली असती तर भीती नव्हती. बापाने माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. वीस-पंचवीस पावलांवर उभा होता. आपल्या गावठी कुत्र्यापेक्षा फार मोठा नाही, पण पाय लांब, पोट आत गेलेलं, पाठीवर काळसर केसांची रेघ. आमच्याकडे बघत नव्हता. जाळीच्या एका खुंट्याकडे बघत होता, जो संध्याकाळी मीच ठोकला होता आणि नीट बसला नव्हता. आम्हा दोघांनाही दिसला नव्हता, त्याला दिसला. बाप उठून उभा राहिला तेव्हा तो पळाला नाही. वळला आणि चालत गेला.

त्या वर्षी आमची चार कोकरं गेली. बापाने शिव्या घातल्या, पण मागावर गेला नाही. म्हणायचा, त्याच्याही घरी पोरं आहेत.

हे एवढ्यासाठी सांगितलं. नव्या लोकांचे लांडगे येतात ते काळेकुट्ट, निळ्या डोळ्यांचे, ऐंशी किलोचे. आपला लांडगा वीस किलोच्या आसपासचा, मातीच्या रंगाचा. देशात आता तीनेक हजारच उरलेत म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो, वाघाच्या शेजारी, पण त्याला बघायला जिप्सी भरून कोणी येत नाही. निदान आपण तरी त्याला त्याच्या रंगाचा लिहूया. त्याची ताकद दातांत कमी आणि बघण्यात जास्त आहे.

दुसरं. मेंढपाळ आला की सगळे त्याला खलनायक करतात. तो माझा बाप आहे, एवढं लक्षात ठेवा.

निळा_पतंग

वाघूर, तो खुंटा आता डोक्यातून जाणार नाही.

माळढोक

मी चार वर्षं इथे पुस्तकातलं सांगतोय. तुम्ही याआधी का नाही बोललात?

वाघूर

कोणी विचारलं नव्हतं.

ढाण्या७७

माझा लांडगा काळा होता. आजपासून मातीच्या रंगाचा. डोळे पिवळे केले.

संत्राबाग

मीही माघार घेतो. रुबाब वीस किलोत बसवायला शिकतो.

चिंचबन

कोणीतरी लिंक पाठवली. वाचलं सगळं.

आधी भोंगाला: तुमचा निरोप मिळाला होता. रागावून गप्प नव्हते. माझी या आठवड्यात रात्रपाळी आहे, अतिदक्षता विभागात. शुक्रवारीही होते. दीड वाजता जरा निवांतपणा मिळाला म्हणून पायऱ्यांवर बसून फोन उघडला, तर भुरकी गेलेली. त्याच रात्री वॉर्डात एक आजी गेल्या होत्या, त्यांच्या मुलीला मीच सांगितलं होतं. त्यानंतर मला काही लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून ‘ठीक आहे’.

भुरकी मरूच नये असं माझं कधीच नव्हतं. पिल्लं मरतात, मला ठाऊक आहे. मला तिला पहिल्या पावसापर्यंत न्यायचं होतं. डिसेंबरात जन्मलेलं पिल्लू, तिने पाऊस पाहिलेलाच नाही. नागपूरचा मे महिना तिच्याकडून लिहून घेत होते, कारण जूनमध्ये पहिला थेंब तिच्या नाकावर पडला की ती काय करेल, हे मला बघायचं होतं. बस एवढंच.

तिला जिवंत करा असं मी म्हणणार नाही. झालं ते पुसून टाकणं मला आवडत नाही. पण निळा_पतंगने लिहिलंय तसं, झेप तुमची, पुढचं माझं, असं आताही करता येईल का? ती वाचेल की नाही, ते मला अजून माहीत नाही. लिहायला बसले की कळेल.

बर्डीचा_भोंगा

माझ्या पोस्टच्या शेवटच्या तीन ओळी मी काढल्या आहेत. आता पोस्ट ‘भटक्याने गवत बाजूला सारलं आणि झेपावला’ इथे संपते.

त्या पायऱ्यांबद्दल मला माहीत असतं तर. तसं माहीत नसतंच कधी कोणाबद्दल. चूक माझी.

कुसळ

चिंचबन, परत आलीस, बरं वाटलं गं. ग्रुपमध्ये तुझी जागा होती तशीच आहे.

भुरकीचा प्रसंग थांबवलाय. ज्यांनी नंतरच्या पोस्ट लिहिल्या त्यांनी कृपया स्वतःच काढा. टेकडी, तुमचीही. चिंचबनची रात्रपाळी संपेपर्यंत नाल्यापलीकडे कोणी जाणार नाही, बाकीच्यांनी पाणवठ्यावर हवं ते करा.

नियमांचा कच्चा मसुदा रविवारी टाकते. गैरहजेरीचं राहिलंच होतं, ते असं ठेवते: तीन दिवस उत्तर नाही आलं तर विचारायचं, आठवडा झाला तर लांडगा झोपलाय समजायचं. मारायचा नाही. कोणी शेतात असतं, कोणी वॉर्डात. मेंढपाळाचा प्रसंग कसा लिहायचा ते वाघूर लिहून देतील, मी त्यांना विनंती केली आहे.

वाघूर

देतो. मोठं होईल.

चिंचबन

सुट्टीपर्यंत थांबता आलं नाही. पहाटेचे चार वाजलेत, वॉर्ड शांत आहे. खेळात टाकलंय, इथेही सुरुवात देते.

‘भुरकीला आधी वास आला. आपल्यांपैकी कोणाचाच नव्हता. ती दिसेनाशी व्हावी म्हणून गवतात दबली, तसं धुळीने शिकवलं होतं, पण वारा तिच्याच पाठीकडून वाहत होता, आणि हे शिकायचं अजून राहिलं होतं.’

तर्री_पोहे

कोनी काही लिहू नका बे. तिले लिहू द्या.